विश्लेषण : ‘११७६’ कम्प्रेसरच्या सॉफ्टवेअर आवृत्त्यांची तुलना कशी करावी?

घरच्या लॅपटॉपवर गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्यांना ‘११७६’ हा आकडा कधी ना कधी भेटतोच. अर्धशतकाहून जुन्या या यंत्रासारखा आवाज देण्याचा दावा करणारे अनेक प्लगइन आज मिळतात. काही मोफत आहेत, तर काहींसाठी हजारो रुपये मोजावे लागतात. मात्र ‘मूळ यंत्राच्या सर्वांत जवळचे कोणते?’ हे ठरवताना तुलनेची पद्धतच चुकली, तर पैसे वाया जाऊ शकतात.

कम्प्रेसर काय करतो?

गायक एक ओळ हलक्या आवाजात म्हणतो आणि पुढच्या ओळीत एकदम वरच्या पट्टीत जातो. आवाज ठरावीक मर्यादेपुढे गेला की कम्प्रेसर तो आपोआप दाबतो. किती दाबायचा हे ‘रेशो’ ठरवतो. रेशो ४:१ असेल, तर मर्यादेपलीकडे ४ डेसिबल वाढलेला आवाज बाहेर पडताना १ डेसिबलच वाढतो. किती लवकर दाबायचा हे ‘अटॅक’वर आणि किती वेळात मोकळा सोडायचा हे ‘रिलीज’वर अवलंबून असते.

‘११७६’चे वेगळेपण कशात?

अमेरिकी ध्वनी अभियंते बिल पटनम यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे यंत्र घडवले. त्यांच्या आधीच्या कम्प्रेसरमध्ये व्हॉल्व्ह होते. ‘११७६’मध्ये आवाज दाबण्याचे काम फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर, म्हणजेच ‘फेट’ करतो. त्यामुळे अटॅक २० मायक्रोसेकंदांपर्यंत खाली आला. रेशोसाठी ४, ८, १२ आणि २० अशी चार बटणे आहेत. चारही एकदम दाबून मिळणारा खरखरीत, आक्रमक आवाज अनेक ध्वनी अभियंते मुद्दाम वापरतात. थ्रेशोल्डचा वेगळा नॉब नाही. इनपुट वाढवले की दाब वाढतो. अटॅक आणि रिलीजचे आकडेही उलटे आहेत, म्हणजे ७ वर वेग सर्वाधिक असतो.

मूळ यंत्र एकच आहे का?

नाही. ‘ए’पासून ‘एच’पर्यंत त्याच्या आवृत्त्या निघाल्या. सुरुवातीच्या यंत्रांवर निळा पट्टा होता. ‘सी’ आवृत्तीत खरखर कमी करणारे सर्किट आले, तर ‘जी’मध्ये इनपुट ट्रान्सफॉर्मर काढून टाकण्यात आला. त्यामुळे एकाच नावाच्या दोन यंत्रांचा आवाजही वेगळा असू शकतो.

प्लगइनमध्येही हेच दिसते. युनिव्हर्सल ऑडिओच्या संचात ‘ए’ आणि ‘ई’ या स्वतंत्र आवृत्त्या आहेत. वेव्हजच्या ‘सीएलए-७६’मध्ये निळा आणि काळा असे दोन पर्याय मिळतात. सॉफ्टट्यूबच्या ‘फेट कम्प्रेसर’ने मूळ यंत्रात नसलेल्या सोयीही जोडल्या आहेत. निळ्याची तुलना काळ्याशी करून एकाला ‘चुकीचे’ ठरवणे म्हणूनच योग्य नाही.

सॉफ्टवेअरला हे अवघड का जाते?

४४.१ किलोहर्ट्झच्या ध्वनिमुद्रणात दोन सॅम्पलमधले अंतर सुमारे २२.७ मायक्रोसेकंद असते. म्हणजे ‘११७६’चा सर्वांत जलद अटॅक एका सॅम्पलहूनही कमी वेळाचा आहे. शिवाय, इतक्या झटपट दाबण्यातून नव्या, उंच कंप्रता तयार होतात. त्या डिजिटल मर्यादेबाहेर गेल्या की खाली परावर्तित होऊन बेसूर कचरा बनतात. याला ‘अलायझिंग’ म्हणतात. ते टाळण्यासाठी अनेक प्लगइन आत अधिक सॅम्पल दराने गणित करतात. त्याचा भार संगणकावर पडतो.

तुलना कशी करावी?

पहिले पथ्य म्हणजे नॉबचे आकडे जुळवू नयेत. कोणती डिजिटल पातळी कोणत्या ॲनालॉग पातळीइतकी धरायची, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. त्यामुळे इनपुट एकाच आकड्यावर ठेवले, तरी दोन प्लगइन आवाज वेगवेगळा दाबतात. त्याऐवजी दोन्हींची सुई सारखीच, उदाहरणार्थ ५ डेसिबल, दाब दाखवेल असे इनपुट लावावे.

दुसरे पथ्य बाहेर येणाऱ्या आवाजाचे. कानाला जरा मोठा आवाज नेहमीच अधिक भरदार वाटतो. अर्धा-एक डेसिबलचा फरकही निकाल फिरवू शकतो. म्हणून आउटपुट जुळवताना शिखर पातळीऐवजी सरासरी मोठेपणा मोजणारा मीटर पाहावा.

तिसरे, नाव न पाहता ऐकावे. मित्राला पर्याय बदलायला सांगून तेच निवडले जाते का, हे अनेकदा तपासावे. एका ध्वनिफितीची पोलॅरिटी उलटवून दुसरीत मिसळली, तर उरतो तो दोन्हींमधला फरक. ही चाचणी फरक किती आहे ते सांगते. सरस कोण, हे मात्र ती सांगत नाही.

मग निवड कशी करावी?

संपूर्ण गाण्यात, इतर वाद्यांसोबत ऐकल्यावर फरक उरतो का, ही शेवटची कसोटी. तो उरत नसेल, तर नवीन खरेदीची गरज नाही. लॉजिक प्रोसारख्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या कम्प्रेसरमध्ये ‘फेट’ पद्धतीचे पर्याय आधीपासूनच आहेत. फरक उरत असेल, तर चाचणीची मुदत संपण्यापूर्वी तो आपल्याच आवाजावर, आपल्याच गाण्यात पडताळून पाहावा आणि मगच पैसे मोजावेत.