दुर्गच्या खेड्यांतील जाळीची छत्री

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले आणि दुर्ग जिल्ह्याचे नाव सर्वतोमुखी झाले. याच जिल्ह्याच्या वाट्याला पुढे सोळा वर्षांनी आणखी एक मान आला. त्याची आठवण मात्र आज फारशी कोणी काढीत नाही. 1 ऑगस्ट 1975 रोजी तेथील खेड्यांत उपग्रहाकडून थेट दूरचित्रवाणीचे कार्यक्रम उतरू लागले. भारतातील अनेक मोठ्या शहरांनी तोवर दूरचित्रवाणीचा पडदा पाहिलेलाही नव्हता.

या योजनेमागे डॉ. विक्रम साराभाई यांची दृष्टी होती. जमिनीवरच्या प्रक्षेपण केंद्राची धाव मोजकीच. मनोरा कितीही उंच उभारला, तरी डोंगराआडचे व रानातले गाव वंचितच राहणार. आणि ज्ञानाची गरज तर त्यालाच अधिक. उपग्रह आकाशात 36,000 किलोमीटर उंचीवर असला की शहर आणि आडगाव त्याला सारखेच. सप्टेंबर 1969 मध्ये भारताचे अणुऊर्जा खाते व अमेरिकेची ‘नासा’ यांच्यात करार झाला. साराभाई 1971 च्या डिसेंबरात निवर्तले; पण काम थांबले नाही. योजनेच्या व्यवस्थापनाची धुरा कोल्हापूरचे प्रा. एकनाथ वसंत चिटणीस यांनी वाहिली.

सहा राज्यांतील वीस जिल्हे व सुमारे 2,400 खेडी निवडण्यात आली. त्या वेळच्या मध्य प्रदेशातून रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे तीन जिल्हे घेतले गेले. अमेरिकेने एक वर्षाकरिता दिलेला ‘एटीएस-6’ हा उपग्रह पूर्व आफ्रिकेच्या माथ्यावर, विषुववृत्तावर, 35 अंश पूर्व रेखांशाशी स्थिर करण्यात आला.

आता प्रश्न उरला तो खेड्यात आकाशक उभारण्याचा. अहमदाबादच्या तंत्रज्ञांनी काढलेला तोड मोठा मार्मिक होता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी त्यांनी सुमारे तीन मीटर व्यासाच्या सांगाड्यावर ताणून बसविली. येणाऱ्या लहरींची लांबी 35 सेंटिमीटरच्या आसपास. जाळीची भोके तिच्या मानाने इतकी बारीक, की लहरींच्या लेखी ती जाळी म्हणजे अखंड पत्राच! वारा मात्र तिच्यातून आरपार जाई आणि पावसाचे पाणी साचत नसे. वजनाने हलकी आणि मोलाने स्वस्त, अशी ही छत्री दुर्ग जिल्ह्यात पश्चिमेकडे, किंचित दक्षिणेस वळवून, क्षितिजापासून सुमारे 33 अंश वर रोखावी लागे. एकदोन अंशांचा फरक पडला तरी बिघडत नसे. शिवाय उपग्रह जागचा हलत नसल्याने तिला पुन्हा पुन्हा फिरविण्याचे कारण नव्हते. रानवाटेच्या गावी जे उपकरण न्यायचे, ते असेच सोशिक असावे लागते.

शाळेच्या किंवा पंचायतीच्या इमारतीत संच ठेवला जाई. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास साऱ्या गावासाठी, असा दिनक्रम होता. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन हे मुख्य विषय, जोडीला लोकरंजन. मुलांचे विज्ञानविषयक कार्यक्रम अंतराळ संस्थेच्या मुंबईतील चित्रशाळेत तयार होत.

मात्र यंत्राने अंतर जिंकले, तरी भाषेचे अंतर उरलेच. मध्य प्रदेश, बिहार आणि राजस्थान या तिन्ही राज्यांसाठी हिंदी हीच भाषा ठरलेली. छत्तीसगढी बोलणाऱ्या शेतकऱ्याला आणि मैथिली बोलणाऱ्या गृहिणीला एकाच शिष्ट हिंदीत सांगितले जाई. शेताची माती वेगळी, पीक वेगळे, सल्ला मात्र एक! दूरवरून बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याची बोली जाणली पाहिजे, हा धडा या प्रयोगाने राज्यकर्त्यांपुढे ठेवला.

31 जुलै 1976 रोजी मुदत संपली. उपग्रह अमेरिकेकडे परत वळविण्यात आला. छत्र्या जागच्या जागी उभ्या होत्या. पण त्या ज्या दिशेकडे पाहत होत्या, तेथे आता बोलणारे कोणी नव्हते. 1977 मध्ये रायपूरला जमिनीवरील प्रक्षेपण केंद्र निघाले आणि काही गावांचे पडदे पुन्हा उजळले. परंतु त्या केंद्राच्या टापूबाहेरची गावे, म्हणजे ज्यांच्यासाठी उपग्रहाचा घाट घातला तीच, पुन्हा अंधारात गेली. उसन्या साधनावर उभारलेल्या लोकसेवेचे आयुष्य सावकाराच्या मुदतीइतकेच असते, हे तेव्हा उमगले.

तो बोध वाया गेला नाही. 30 ऑगस्ट 1983 रोजी ‘इन्सॅट-1बी’ अंतराळात गेला आणि तो भारताच्या मालकीचा होता. घरोघरच्या छपरांवर पुढे ज्या लहानशा थाळ्या बसल्या, त्यांची थोरली बहीण म्हणजे दुर्गच्या शाळेसमोर उभी राहिलेली ती जाळीची छत्री होय.