नर्मदा मानव

मध्य प्रदेशातील हथनोरा येथे सापडलेल्या कवटीच्या जीवाश्मावरून ओळखला जाणारा प्लाइस्टोसीन काळातील लुप्त मानव.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना ५ डिसेंबर १९८२ रोजी सीहोर जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तर तीरावरील गोटेमिश्रित थरात हा जीवाश्म मिळाला. कवटीच्या वरच्या भागाची मुख्यतः उजवी बाजू शिल्लक आहे. जबडा व दात नाहीत. याच परिसरात हत्तीवर्गीय प्राण्यांचे जीवाश्म आणि अश्युलियन हातकुऱ्हाडी आढळतात (पहा : पुराणाश्मयुग). पुढे येथून गळपट्टीचे हाडही मिळाले.

भुवयांवरील हाडाचा ठळक उंचवटा व कवटीची जाड भिंत ही लक्षणे आद्य आहेत. याउलट कवटीची धारकता मोठी असून १९९१ च्या अभ्यासात ती ११५५ ते १४२१ घन सेंमी. अंदाजली आहे. सोनकिया यांनी या मानवास होमो इरेक्टसची उपजाती मानले (पहा : होमो इरेक्टस), तर केनेथ केनेडी व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये आद्य होमो सेपियन्स गटात टाकले. काही अभ्यासक होमो हायडेलबर्गेन्सिसशी साम्य दाखवतात. चेहराच उपलब्ध नसल्याने हा वाद एका कवटीवर मिटण्यासारखा नाही. कालनिश्चितीही वादग्रस्त असून वय सामान्यतः काही लाख वर्षे धरले जाते.

आफ्रिका व पूर्व आशिया यांच्यामधील विस्तृत प्रदेशात दगडी हत्यारे विपुल, पण ती घडवणाऱ्यांचे अवशेष दुर्मिळ आहेत; त्यामुळे दक्षिण आशियातील प्राचीन मानवाचा हा जीवाश्म प्रमुख शारीरिक पुरावा होय (पहा : मानवाची उत्क्रांती, शिवापिथेकस).