बिल भागलं, पण घर कसं चालणार? क्रिटिकल इलनेस विम्याची जन्मकथा

गंभीर आजाराचं निदान झालं की रुग्णाच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, हे योजनेत बसतं का?" रिसोड तालुक्यातल्या केनवडसारख्या गावातून येणाऱ्या कुटुंबासाठी हा प्रश्न अगदी रास्त आहे. आज त्याचं उत्तर बऱ्याच वेळा "हो, बसतं" असं देता येतं, आणि ते ऐकून नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात.

दुसरा प्रश्न मात्र त्या वेळी कुणाच्या तोंडी येत नाही. तो तीन-चार महिन्यांनी येतो. केमोथेरपी चालू आहे, अंगात ताकद नाही, सोयाबीनची पेरणी तोंडावर आली आहे, पीककर्ज थकलं आहे, मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे. दवाखान्याचं बिल योजनेनं भरलं, पण घर कोण चालवणार?

क्रिटिकल इलनेस विमा, म्हणजे गंभीर आजाराचा विमा, याच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जन्माला आला. तो शोधून काढणारा माणूस विमा कंपनीतला नव्हता, हृदयाचा सर्जन होता. विमा निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका हा इतिहास माहीत नसल्यामुळे होतात. म्हणून आज आधी इतिहास सांगतो आणि मग निवड कशी करायची ते सांगतो.

आधी आला मरणाचा विमा

आपल्याकडे विमा म्हटलं की एलआयसी आठवते. 1956 च्या जानेवारीत केंद्र सरकारने वटहुकूम काढून आयुर्विम्याचा व्यवसाय ताब्यात घेतला. तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. देशात त्या वेळी 154 भारतीय कंपन्या, 16 परदेशी कंपन्या आणि 75 प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून 245 संस्था हा व्यवसाय करत होत्या. त्या एकत्र करून 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. त्याआधीच मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता.

या विम्याचा मूळ करार सरळ होता. कमावता माणूस गेला तर मागे राहिलेल्यांना पैसे मिळतील. त्या काळात हे पुरेसं वाटणं स्वाभाविक होतं. मोठा हार्ट अटॅक आला किंवा दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तर माणूस फार दिवस जगत नसे. आजारपण आणि मृत्यू यांच्यात अंतरच कमी होतं.

कारखान्यातल्या कामगाराला मिळालं, शेतकऱ्याला नाही

आजारी माणसाला उपचारांबरोबर घरखर्चाचे पैसेही लागतात, हा विचार भारतात नवा नव्हता. 1943 मध्ये औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे देण्यात आलं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. 1944 मध्ये अडारकरांनी अहवाल दिला. त्याच्या पायावर 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि फेब्रुवारी 1952 मध्ये कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. हीच आपली ईएसआय.

ईएसआयमध्ये दवाखाना तर आहेच, शिवाय आजारपणाच्या काळात रोख रक्कमही मिळते. कर्करोग, क्षयरोग यांसारख्या ठरावीक 34 दीर्घ आजारांत पात्र कामगाराला मजुरीच्या 80 टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. म्हणजे उपचार वेगळे आणि घरखर्च वेगळा, हे आपल्या कायद्याने फार पूर्वीच मान्य केलं आहे.

पण ही सोय मिळते ती कारखाना किंवा नोंदणीकृत आस्थापनेतल्या ठरावीक पगारापर्यंतच्या कामगाराला. स्वतःचं वावर कसणारा, रोजमजुरी करणारा, गावात किराणा दुकान किंवा पिठाची गिरणी चालवणारा माणूस तिच्या बाहेरच राहिला. वाशिमसारख्या शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्यात बहुतेक घरं अशीच आहेत.

मग आला बिलाचा विमा

1986 मध्ये सरकारी साधारण विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' आणली. दवाखान्यात भरती झालात तर बिल विमा कंपनी देणार. ती मुख्यतः शहरी, पगारदार कुटुंबांनी घेतली. गरीब घरांसाठी राज्य सरकारने 1997 मध्ये जीवनदायी योजना आणली. नंतर 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत अमरावती होतं, वाशिम नव्हतं. 21 नोव्हेंबर 2013 पासून ती सगळ्या राज्यात लागू झाली तेव्हा आपला जिल्हा तिच्यात आला. 972 उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत संरक्षण होतं. पुढे शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतल्या पांढऱ्या रेशनकार्डधारक शेतकऱ्यांनाही तिच्यात घेतलं गेलं. त्या 14 जिल्ह्यांत वाशिम आहे.

1 एप्रिल 2017 पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. सप्टेंबर 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, आणि 2023 च्या निर्णयाने राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी संरक्षण पाच लाखांपर्यंत नेण्यात आलं. ही फार मोठी गोष्ट आहे. बायपाससाठी शेत विकावं लागलेल्या घरांना तिचं मोल कळतं.

तरीही या सगळ्या योजना पैसे देतात ते रुग्णालयाला. घरच्या माणसाच्या हातात रोख काही येत नाही.

केपटाऊनचा सर्जन

3 डिसेंबर 1967 रोजी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं. लुई वॉशकान्स्की हा रुग्ण 18 दिवस जगला. त्या चमूत ख्रिश्चन यांचा धाकटा भाऊ होता, डॉ. मारियस बर्नार्ड (1927–2014). पुढच्याच फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण काही तासच जगला. पण दिशा ठरली होती. भारतातली पहिली बायपास शस्त्रक्रिया 1975 मध्ये झाली. जे आजार आधी हमखास जीव घेत, त्यातून माणसं वाचू लागली.

मारियस बर्नार्डना त्यातूनच एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली. ते आपल्या एका रुग्ण स्त्रीविषयी सांगत. तिला फुप्फुसाचा कर्करोग होता. घटस्फोटित, पदरात दोन मुलं. शस्त्रक्रिया चांगली झाली. काही काळाने ती परत आली तेव्हा आजार बळावलेला होता, आणि तशा अवस्थेतही ती रोज कामावर जात होती. कारण काम थांबलं तर मुलांचं काय? सर्जनने आपलं काम चोख केलं होतं, पण तिला बरं व्हायला घरी बसणं परवडत नव्हतं.

बर्नार्डनी विमा कंपन्यांना पटवायला सुरुवात केली की माणूस गेल्यावर जसे पैसे देता, तसे गंभीर आजारातून जगल्यावरही द्या, आणि एकरकमी द्या. 6 ऑगस्ट 1983 रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुसेडर लाइफ कंपनीने अशी पहिली पॉलिसी आणली. तिच्यात चारच गोष्टी होत्या: हार्ट अटॅक, पक्षाघात, कर्करोग आणि बायपास. दशक संपायच्या आत ती ब्रिटनमध्येही पोचली.

भारतात काय झालं

आपल्याकडे नव्वदच्या दशकात एलआयसीने 'आशादीप' पॉलिसी आणली. कर्करोग, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणं आणि बायपास यांसाठी तिच्यात लाभ होता. 2000 नंतर खासगी कंपन्या आल्या आणि प्रत्येकीची व्याख्या वेगळी निघू लागली. एकीच्या लेखी जो हार्ट अटॅक, तो दुसरीच्या लेखी नव्हे. वाद वाढले. 2013 मध्ये विमा नियामकाने 11 गंभीर आजारांच्या प्रमाण व्याख्या ठरवून दिल्या. 2016 मध्ये त्या 22 झाल्या.

या व्याख्या कडक आहेत आणि त्यामागचं कारण इतिहासातच आहे. हा विमा आजाराच्या नावावर पैसे देत नाही, आयुष्य उलटंपालटं करणाऱ्या आजारावर देतो. म्हणून पक्षाघात झाला पण अशक्तपणा दोन दिवसांत पूर्ण गेला, तर दावा बसत नाही. मेंदूतली इजा किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो. कर्करोगाची अगदी सुरुवातीची, आजूबाजूच्या पेशींत न घुसलेली अवस्था बहुतेक वेळा वगळलेली असते. बायपासच्या व्याख्येत अँजिओप्लास्टी येत नाही. मूत्रपिंडाचा दावा क्रिएटिनिन वाढल्यावर नव्हे, नियमित डायलिसिस लागल्यावर किंवा प्रत्यारोपण झाल्यावर बसतो.

पीक विम्याचे निकष आपल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतात. गावात कुणालाही विचारा. तितक्याच बारकाईने माणसाच्या विम्याचा कागद वाचला पाहिजे.

मग घरासाठी निवड कशी करायची?

1. पाया आधी. आयुष्मान कार्ड काढून घ्या, रेशनकार्डावरची नावं बरोबर करून घ्या. बँकेत जीवनज्योती (वर्षाला 436 रुपये) आणि सुरक्षा विमा (20 रुपये) सुरू करा. दोन्हींचं संरक्षण दोन लाखांचं, पहिलं मृत्यूसाठी, दुसरं अपघातासाठी. कमावत्या माणसाचा मोठा टर्म विमा जमला तर उत्तमच. गंभीर आजाराचा विमा यानंतरचा.

2. रक्कम घरखर्चावरून ठरवा. शस्त्रक्रियेच्या खर्चावरून ठरवू नका. समजा, घर महिन्याला 15 हजारांत चालतं. दोन वर्षांचे 3 लाख 60 हजार. पीककर्ज दीड लाख, मुलांचं शिक्षण एक लाख, नागपूर-मुंबईच्या खेपा आणि राहणं 50 हजार. एकूण 6 लाख 60 हजार. म्हणजे या घराला सहा-सात लाखांचं संरक्षण हवं.

3. विमा कमावत्याचा आणि घर सांभाळणारीचाही. वावरात राबणारी, जनावरं बघणारी बाई आजारी पडली की घराचं उत्पन्न घटतं. कागदावर तिचा पगार नसतो, म्हणून तिचा विमा राहून जातो.

4. यादीच्या लांबीला भुलू नका. 40 आजारांची यादी पाहण्यापेक्षा कर्करोग, हार्ट अटॅक, पक्षाघात, मूत्रपिंड यांच्या व्याख्या वाचा.

5. दोन मुदती विचारा. सुरुवातीचे साधारण 90 दिवस दावा चालत नाही. निदानानंतर ठरावीक दिवस, बऱ्याचदा 30, रुग्ण जिवंत असावा लागतो. त्याआधी मृत्यू झाला तर उपयोगी पडतो तो आयुर्विमा. म्हणून दोन्ही लागतात.

6. रायडर असेल तर एक प्रश्न. आजाराची रक्कम मिळाल्यावर मृत्यूची रक्कम तेवढीच कमी होते का? काही पॉलिसींत होते.

7. काहीही लपवू नका. बीपी, साखर, जुनी शस्त्रक्रिया, बिडी, आणि आपल्या विदर्भातला खर्रा. खर्रा म्हणजे तंबाखूच. "आमच्याकडे सगळेच खातात" म्हणून फॉर्मवर 'नाही' लिहिलंत, तर तोंडाच्या कर्करोगाच्या वेळी तोच कागद कंपनी पुढे ठेवेल. एजंटने फॉर्म भरला तरी सही तुमची असते. उत्तरं वाचून मगच सही करा.

8. कागद घरात सगळ्यांना माहीत हवेत. पॉलिसी हाती आल्यावर 30 दिवसांत न पटल्यास परत करता येते. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तिथे न्याय मिळाला नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही.

आणि ज्या घराला हप्ता खरोखर परवडत नाही, त्यांनी कर्ज काढून हा विमा घेऊ नये. खर्रा सोडणं, तोंडातला पांढरा चट्टा किंवा तीन आठवडे न भरलेली जखम वेळेत दाखवणं आणि बीपीची गोळी रोज घेणं, हे आधी करा.

बर्नार्डच्या त्या रुग्ण स्त्रीकडे चांगला सर्जन होता. नव्हता तो कामाविना काढायचा वर्षभराचा वेळ. विमा घेताना एजंटला "किती आजार आहेत?" हे जरूर विचारा, पण त्याआधी घरातल्यांना बसवून विचारा, "मी दोन वर्षं वावरात गेलो नाही, तर आपलं कसं भागेल?" त्या उत्तरात जेवढी रक्कम कमी पडते, तेवढ्याचाच विमा घ्यायचा आहे.