डोळ्यातल्या बाहुलीचा माग

शाळेत आपण ‘डोळ्याची बाहुली’ शिकतो, पण तिला बाहुली का म्हणतात हे सहसा कुणी विचारत नाही. समोरच्याच्या डोळ्यात अगदी जवळून बघा. मधल्या काळ्या भागात तुमचीच इवलीशी प्रतिमा दिसेल. तीच बाहुली.

गंमत म्हणजे ग्रीक ‘कोरे’ या शब्दाचे अर्थ मुलगी, बाहुली आणि डोळ्याची बाहुली असे आहेत. लॅटिन ‘पुपिल्ला’चंही तसंच, इंग्रजी ‘प्युपिल’ त्यातूनच आला. संस्कृत ‘कनीनिका’चं नातं ‘कन्या’शी. हिंदीत ‘पुतली’, फारसीत ‘मर्दुमक’ म्हणजे छोटा माणूस, अरबीत ‘इन्सानुल ऐन’ म्हणजे डोळ्यातला माणूस. प्लेटोच्या नावावर असलेल्या ‘अल्किबियादिस’ या संवादात कारणही दिलंय: बघणाऱ्याचा चेहरा समोरच्या डोळ्यात आरशासारखा उमटतो, म्हणून हे नाव.

एवढं हाती लागलं की लगेच लिहावंसं वाटतं, ‘हा शब्द अमक्यांनी तमक्यांकडून घेतला.’ पण ही प्रतिमा कुणालाही, कुठेही दिसू शकते. ग्रीक आणि लॅटिनचा निकटचा संबंध पाहता तिथे अनुवादाची शक्यता तपासावी लागेल. पण नुसत्या अर्थसाम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही.

उसनवारी कशी दिसते? त्याच डोळ्यातला ‘रेटिना’ घ्या. ग्रीक वैद्यांनी या पडद्याला मासेमारीच्या जाळ्याची उपमा दिली. अरबी अनुवादात ‘शबका’ म्हणजे जाळं, त्यावरून ‘शबकिया’ झालं. 12व्या शतकात अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आले, तेव्हा ‘रेते’ म्हणजे जाळं, त्यावरून ‘रेटिना’. इथे ग्रंथ आणि अनुवाद यांची साखळी दाखवता येते. मराठी ‘दृष्टिपटल’मध्ये मात्र जाळं नाही.

तिसरा धोका कोशातला. सुश्रुतसंहितेत ‘कनीनक’ दिसला की ‘बाहुली’ असं भाषांतर करून मोकळे होऊ नका. नेत्रसंधींच्या यादीत तो नाकाकडच्या डोळ्याच्या कोपऱ्याचं नाव आहे; बाहुलीच्या जागी तिथे ‘दृष्टी’ हा शब्द येतो. कोशातला अर्थ बरोबर, पण त्या वाक्यात चूक!

म्हणून शब्दाचा इतिहास लिहायला घेताना तीन प्रश्न विचारा: ही उपमा स्वतंत्रपणे सुचू शकते का? देवाणघेवाणीचा लेखी पुरावा आहे का? आणि या ग्रंथात, या ओळीत शब्द नेमका कशाला लावलाय? तिसऱ्याचं उत्तर आधी शोधा. ते चुकलं तर पहिल्या दोघांवर केलेली मेहनत वाया जाते.