वासनचं चर्च

गोट्टहार्डच्या जुन्या मार्गाने आम्ही दोन कुटुंबं निघालो होतो. गाडी डोंगरात वळसे घेत चढते, त्यामुळे वासनचं चर्च तीनदा दिसतं: आधी वर, मग समोर, मग खाली. मुलं मोजत होती. मी (नेहमीप्रमाणे!) इतिहासात.

पुढचा १५ किलोमीटरचा बोगदा १८८२ सालचा. कंत्राटदार लुई फाव्र १८७९ मध्ये आतच कोसळून गेला. १८८० मध्ये दोन्ही टोकं भिडली, तेव्हा भोकातून आधी त्याचा फोटो पलीकडे गेला. मजूर बहुतेक इटालियन. १८७५ च्या संपात गोळीबार होऊन चौघे मेले. ऐरोलो स्टेशनजवळ त्या मजुरांचं स्मारक आहे, विन्चेन्झो वेलाने घडवलेलं.

"आपल्या बोरघाटात पाहिलंयस असं काही?" मित्राने विचारलं.

१८६३ पासून तिथून गाड्या जाताहेत. मी कितीदा गेलोय... खिडकीत बसून, वडापाव खात.