शनिवारवाड्याचा काळा पाषाण आणि हायड्रोजन

१० जानेवारी १७३० रोजी शनिवार पेठेत पहिल्या बाजीरावांनी वाड्याची पायाभरणी केली. साग जुन्नरच्या जंगलातला, चुना जेजुरीचा, दगड चिंचवडच्या खाणींतला. १८२८च्या आगीत साग खाक झाला. पाषाणाची जोती आणि तट मात्र टिकले.

हा पाषाण म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. त्यातल्या ऑलिव्हीन, पायरॉक्सीन या खनिजांत लोह असतं. उघड्यावर त्या लोहाला हवेतला ऑक्सिजन मिळतो, दगड तांबूस पडतो आणि हळूहळू त्याचा मुरूम होतो. खोलवर हवा पोचत नाही. तिथे लोह ऑक्सिजन घेतं ते थेट पाण्यातून, आणि पाण्यातला हायड्रोजन मोकळा होतो. त्यासाठी खडकात उष्णता हवी, ऑलिव्हीन भरपूर हवं; बेसाल्टमध्ये ते बेताचंच. बेसाल्टखालच्या ग्रॅनाइटची तऱ्हा निराळी. त्यातल्या युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारानं पाण्याचे रेणूच फुटतात आणि हायड्रोजन सुटतो.

असा हायड्रोजन जमिनीखाली साठतोही. आफ्रिकेतल्या माली देशात बुराकेबुगू गावी १९८७मध्ये पाण्यासाठी बोअर घेतली. १०८ मीटरपर्यंत पाण्याचा थेंब नाही, वर आला तो वारा. सिगारेट ओढत कुणी वाकून पाहिलं आणि भडका उडाला. बोअर बुजवली गेली. पुढे ती उघडली तेव्हा वायूत सुमारे ९८ टक्के हायड्रोजन निघाला, आणि २०१२मध्ये त्यावर गावात विजेचे दिवे लागले. आपल्यासाठी मोलाची गोष्ट पुढेच आहे: तिथे वायूवर झाकण घातलंय ते डोलेराइटनं, म्हणजे बेसाल्टच्याच जमिनीखाली थिजलेल्या भावानं. दख्खनच्या कातळात डोलेराइटच्या भिंती जागोजागी घुसलेल्या आहेत.

महाराष्ट्रात बेसाल्टखाली खोलवर डोकावून पाहिलं ते भूकंपामुळे. ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या हादऱ्याचं मूळ शोधायला कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीनं गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं. २०१७मध्ये ते पुरं झालं. १,२४७ मीटर बेसाल्ट, खाली ग्रॅनाइटी खडक. ड्रिलिंगच्या चिखलाबरोबर वर आलेल्या वायूंत हेलियम, मिथेन होते, आणि हायड्रोजनही. प्रमाण अत्यल्पच. त्यातला काही वाटा ड्रिलच्या घर्षणाचाही असू शकतो. भूकंपानं भंगलेल्या खडकाच्या ताज्या कपारींना पाणी लागलं तरी हायड्रोजन सुटतो.

एवढ्यावर साठ्याची स्वप्नं रंगवणं चूक. पण काळ्या पाषाणाचं हे झाकण महाराष्ट्राच्या बहुतेक भागावर पसरलेलं असताना त्याखाली काय अडकलंय हे न पाहणंही तितकंच चूक. राज्यात यापुढे खोल बोअर कोणत्याही कामासाठी घेतली जावो, तिच्या चिखलातला हायड्रोजन मोजलाच पाहिजे.