मोबाईल आणि कॉम्प्युटरमधल्या फाईलींचा बॅकअप : दुकानदारावर न राहता आपला नियम आपणच कसा लावायचा

मोबाईल पाण्यात पडतो, ट्रॅक्टरखाली येतो, नाहीतर अपडेट मारल्यावर कंपनीच्या नावावरच अडकून बसतो. मालक तालुक्याच्या दुकानात जातो. दुकानदार सेट उलटापालटा करून बघतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल. चालेल का?" त्यावेळी चालेल म्हणण्याशिवाय दुसरा पर्याय नसतो. सेट सुरू होतो, पण गारपिटीत झोपलेल्या गव्हाचे फोटो, पीक विम्याच्या तक्रारीचा डॉकेट आयडी असलेला स्क्रीनशॉट, बचत गटाच्या वहीची पानं आणि वारलेल्या आजोबांच्या आवाजाची एकुलती एक क्लिप त्यातून गेलेली असते.

बॅकअप म्हणजे फाईलीची दुसरी नक्कल, दुसऱ्या जागी ठेवलेली. हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण नक्कल कशाकशाची, कुठे, किती दिवसांनी आणि परत काढायची कोणी, हे आधी ठरवलेलं नसतं. मोठ्या कंपन्यांत याला बॅकअप पॉलिसी म्हणतात. तिथे आता कर्मचाऱ्याची फाईल चुकून उडाली, तर तो कॉम्प्युटर विभागाला फोन न करता स्वतःच कालची किंवा परवाची नक्कल काढून घेतो. गावात कॉम्प्युटर विभाग नसतो, त्यामुळे इथे ही सोय स्वतःच लावावी लागते. बरीचशी फुकटात लागते, आणि एकदा लावली की आपोआप चालते.

आधी काय वाचवायचं ते ठरवा

सगळंच वाचवायला गेलं की गुड मॉर्निंगचे फोटो आणि लग्नाच्या वरातीचे व्हिडिओ सगळी जागा खातात आणि कामाची फाईल बाहेर राहते. म्हणून एक साधा प्रश्न विचारायचा: ही फाईल गेली तर परत मिळेल का?

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवरून १५ रुपयांत पुन्हा निघतो. आधार, वाहन परवाना, दहावी-बारावीची गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्याकडूनच येते, मोबाईल बदलला तरी तिथेच राहते. त्यामुळे या कागदांची फार चिंता नको. चिंता करायची ती पुन्हा कुठूनच न मिळणाऱ्या गोष्टींची: नुकसानीच्या दिवशी काढलेले फोटो, बचत गटाचा हिशेब, व्यापाऱ्याशी भावाची बोलणी झालेलं कॉल रेकॉर्डिंग, हातउसन्या पैशाच्या चिठ्ठीचा फोटो, घरच्या माणसांचे आवाज आणि फोटो. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपीट किंवा पुराच्या नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावी लागते, पण त्यावरचा वाद मात्र महिनोन् महिने चालतो. तोवर ते फोटो आणि तो आयडी टिकला पाहिजे.

जीमेल कोणाचं आहे?

अँड्रॉइड मोबाईलचा बहुतेक बॅकअप गुगल खात्यात जातो. आणि घोळ इथेच होतो. नवा मोबाईल घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं घाईत जीमेल काढून दिलेलं असतं, पासवर्ड त्यालाही आठवत नाही आणि आपल्याला कधी माहीतच नव्हता. असा बॅकअप कितीही नीट चालला तरी नव्या मोबाईलवर उघडणार नाही. शिवाय मोबाईल रिसेट मारल्यावर तो जुन्याच गुगल खात्याचा पासवर्ड मागतो आणि सेट कुलपात अडकतो.

म्हणून पहिलं काम हेच. सेटिंग्जमध्ये गुगलवर जाऊन आपला मेल आयडी कोणता ते बघावं. पासवर्ड माहीत नसेल तर मोबाईल चालू असतानाच बदलून घ्यावा. रिकव्हरी नंबर म्हणून घरातल्या दुसऱ्या विश्वासू माणसाचा नंबर घालावा, कारण मोबाईलच हरवला तर त्याच नंबरवर येणारा ओटीपी बघणार कुठे? आयडी आणि पासवर्ड कागदावर लिहून खरेदीखत ठेवता त्या पिशवीत ठेवावा. मोबाईलच्या कव्हरमध्ये नको. आणि खातं वापरात ठेवावं. दोन वर्षं अजिबात न वापरलेली खाती गुगल काढून टाकू शकतं.

या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते. ती जीमेल, ड्राईव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे. पूर्वी थोडे दाबून लहान केलेले फोटो या हिशेबात धरत नसत, पण १ जून २०२१ पासून तेही धरले जातात. व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आता याच १५ जीबीत मोजला जातो. जागा भरली की नवा बॅकअप थांबतो आणि मेलही यायचे बंद होतात. मोबाईल एक बारीक सूचना दाखवतो. ती लोक बाजूला सारतात आणि सहा महिन्यांनी कळतं की शेवटचा बॅकअप दिवाळीचा आहे.

फोटो आपोआप जातात, पण सगळे नाही

गुगल फोटो अॅप उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या गोल चित्रावर दाबलं की बॅकअप चालू आहे का ते दिसतं. फोटोचा दर्जा 'स्टोरेज सेव्हर' ठेवला तर जागा पुरते. शेताच्या फोटोला तेवढा दर्जा बास आहे.

मात्र कॅमेऱ्याने काढलेले फोटो जातात, व्हॉट्सअॅपवर आलेले आपोआप जात नाहीत. २०२० पासून गुगलने अशा फोल्डरांचा बॅकअप मुळातच बंद ठेवलेला आहे. मुलाने काढून पाठवलेला पिकाचा फोटो, ग्रामसेवकाने पाठवलेला दाखला, तलाठ्याने टाकलेला फेरफाराचा फोटो हे सगळं व्हॉट्सअॅपवरच येतं. त्यासाठी फोटो अॅपच्या बॅकअप सेटिंगमध्ये डिव्हाईस फोल्डर्समध्ये जाऊन 'व्हॉट्सअॅप इमेजेस' स्वतः चालू करावं लागतं. पण ते केलं की गुड मॉर्निंगही जातात. त्यापेक्षा 'कामाचे' असा एक वेगळा फोल्डर करून त्यात हवे ते फोटो टाकावेत आणि तेवढाच चालू करावा.

पीडीएफचं तर आणखी वेगळं. पावती, निविदा, कर्जाचं पत्र असल्या फाईली डाउनलोड फोल्डरमध्ये पडतात. त्या गुगल फोटोत जात नाहीत, आणि मोबाईलचा साधा बॅकअपही सगळ्या सेटांत तो फोल्डर उचलेलच असं नाही. अशी फाईल आली की 'शेअर' दाबून ड्राईव्हवर टाकायची सवय लावावी. दहा सेकंदांचं काम आहे.

फोनमधले नंबर बघावेत. काही सिममध्ये, काही फोनमध्ये, काही गुगलमध्ये असे विखुरलेले असतात. कॉन्टॅक्ट अॅपमधून सगळे गुगल खात्यात घेतले की सिम बदललं तरी काही जात नाही.

व्हॉट्सअॅपचं सेटिंग 'चॅट्स' मधल्या 'चॅट बॅकअप'मध्ये आहे. रोज, आठवड्याला किंवा महिन्याला असं निवडता येतं. गटाचा हिशेब ज्यांच्या व्हॉट्सअॅपवर चालतो त्यांनी रोजचा ठेवावा, बाकीच्यांना आठवड्याचा पुरे. परत घेताना तोच मोबाईल नंबर आणि तेच गुगल खातं लागतं. बॅकअपला वेगळा पासवर्ड लावला असेल आणि तो विसरला, तर कंपनीसुद्धा तो उघडून देऊ शकत नाही.

दोन्हीकडे दिसतं म्हणजे बॅकअप आहे असं नाही

हे जरा नीट समजून घ्यायला हवं. गुगल फोटोत फोटो मोबाईलवरही दिसतो आणि खात्यातही. पण अॅपमधून तो डिलीट केला की दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, ड्राईव्हवरची फाईल ३० दिवस. त्यानंतर संपलं. लहान पोरानं खेळता खेळता उडवलेला फोटो दोन महिन्यांत लक्षात आला तर ठीक. पावसाळ्यात उडालेला फोटो विम्याच्या सुनावणीला उन्हाळ्यात शोधायला गेलात तर सापडणार नाही.

म्हणून महत्त्वाच्या फाईलींची तिसरी नक्कल इंटरनेटशी संबंध नसलेल्या जागी हवी. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने हा हिशेब तीन-दोन-एक असा सोपा करून सांगितला आणि आता तो जगभर वापरतात: तीन नकला, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. गावाच्या भाषेत सांगायचं तर एक मोबाईलमध्ये, एक गुगल खात्यात आणि एक पेनड्राईव्हवर. दोन्ही बाजूंनी लागणारा, म्हणजे मोबाईललाही आणि कॉम्प्युटरलाही बसणारा पेनड्राईव्ह मिळतो. त्यात फाईली कॉपी करायच्या, कट करायच्या नाहीत. मोबाईलमधलंच मेमरी कार्ड दुसरी जागा म्हणून धरू नये. मोबाईल विहिरीत पडला तर कार्ड काय बाहेर राहणार आहे? पेनड्राईव्हही वर्षानुवर्षे पेटीत ठेवून विसरू नये. न वापरता पडून राहिला की त्यातला डेटा हळूहळू खराब होऊ शकतो.

दूध संकलन केंद्र, सोसायटी, कृषी सेवा केंद्र

इथे एकट्याचा नाही, साऱ्या गावाचा हिशेब एका कॉम्प्युटरवर असतो. दूध केंद्राचंच घ्या. सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ चढतं आणि दहा दिवसांनी बिल निघतं. बॅकअप महिन्यातून एकदा घेत असतील आणि हार्डडिस्क २८ तारखेला बसली, तर जवळपास तीन बिलांची नोंद गेली. शेतकऱ्यांच्या घरच्या चिठ्ठ्या गोळा करून ती उभी करायची म्हणजे रोज भांडण. तेच रोज संध्याकाळी बॅकअप असेल तर फार तर त्या दिवसाच्या नोंदी पुन्हा घालाव्या लागतील. किती दिवसांनी बॅकअप घ्यायचा हे असंच ठरतं: किती दिवसांचं काम पुन्हा करायची आपली तयारी आहे, तेवढ्या दिवसांनी.

दुसरी चूक म्हणजे रोज त्याच फाईलवर नवी नक्कल चढवणं. मंगळवारी कुणी चुकून जुने खाते उडवलं आणि शुक्रवारी लक्षात आलं, तर तोवर चुकीचीच नक्कल चांगल्या नकलेवर बसलेली असते. यावर जुना आणि पक्का उपाय आहे. हार्डडिस्कवर सोमवार ते रविवार असे सात फोल्डर करायचे आणि ज्या त्या वाराची नक्कल त्या त्या फोल्डरमध्ये टाकायची. पुढच्या सोमवारी सोमवारचीच बदलते. शिवाय दर महिन्याअखेरची एक नक्कल वेगळी ठेवायची आणि ऑडिट होईपर्यंत ती पुसायची नाही.

टॅली प्राईमवर काम चालत असेल तर ऑल्ट आणि वाय दाबल्यावर डेटाच्या यादीत बॅकअप येतो. दूध केंद्राच्या सॉफ्टवेअरमध्येही बहुधा तसं बटण असतं, सॉफ्टवेअर बसवणाऱ्याकडून दाखवून घ्यावं. एक्सेल, वर्ड, स्कॅन केलेले कागद यांच्यासाठी विंडोजमध्ये 'फाईल हिस्ट्री' आहे. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन बाहेरची हार्डडिस्क दाखवून ती चालू केली की डिस्क जोडलेली असेपर्यंत ती दर तासाला बदललेल्या फाईलींच्या नकला ठेवते. फाईल बिघडली की त्यावर उजवं बटण दाबून 'रिस्टोअर प्रीव्हियस व्हर्जन्स' घ्यायचं आणि हव्या तारखेची काढायची. ऑपरेटरला स्वतःला हे जमलं पाहिजे, नाहीतर जिल्ह्याच्या इंजिनिअरची वाट बघत दोन दिवस काम बंद. फाईल हिस्ट्री डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स असे ठरावीक फोल्डरच घेते, डी ड्राईव्हवर आपण केलेला फोल्डर तिच्यात आपणच घालावा लागतो. हे अनेकांना वेळेवर कळत नाही.

डिस्क मात्र रात्रंदिवस लावून ठेवू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरच्या कॉम्प्युटरांतल्या फाईली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. असा व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फाईलीही सोडत नाही. शिवाय आपल्याकडे वीज येण्या-जाण्याचा आणि विजा पडण्याचा त्रास आहेच. दोन डिस्क घेऊन आठवड्याआड बदलाव्यात, एक केंद्रात आणि एक सचिवाच्या घरी. त्यात सभासदांचे बँक खाते आणि आधार नंबर असतात, तेव्हा डिस्कला पासवर्ड लावावा आणि ती कोणाकडे आहे हे वहीत लिहावं.

परत काढून बघितला का?

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' हा कार्टून सिनेमा तयार होत असताना एका चुकीच्या कमांडमुळे त्याच्या फाईली पुसल्या गेल्या. बॅकअप घेतला जात होता, पण तो नीट चालत नाही हे तेव्हाच कळलं. घरून काम करायला म्हणून एका महिला कर्मचाऱ्याने आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर नक्कल नेली होती, तिच्यावर सिनेमा वाचला. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होतं, तर गावातल्या केंद्राने दर तीन महिन्यांनी एकदा तरी जुनी फाईल परत काढून बघायला हरकत नाही. मोबाईलवाल्यांनी दुसऱ्याच्या फोनवर आपल्या खात्याने गुगल फोटो उघडून आपले फोटो दिसतात का ते बघावं आणि लगेच खातं काढून घ्यावं.

बचत गट किंवा केंद्र असेल तर हे सगळं एका पानावर लिहून भिंतीला लावावं: कोणते फोल्डर, कोणत्या डिस्कवर, कोणत्या वेळी, जुन्या नकला किती दिवस, डिस्क कोणाकडे, शेवटची तपासणी कधी आणि कोणी केली. ऑपरेटर बदलला तर नव्या माणसाला ते पान वाचून काम करता आलं पाहिजे. एकट्याच्या मोबाईलसाठी एवढ्या कागदाची गरज नाही. महिन्याची एक तारीख पक्की करावी, मोबाईलमध्येच आठवण लावावी, आणि त्या दिवशी शेवटचा बॅकअप कधीचा आहे ते बघून पेनड्राईव्ह भरून घ्यावा.

दुकानात सेट दुरुस्तीला किंवा एक्स्चेंजला देताना चालू स्थितीत असेल तर आधी घरी बसून बॅकअपची तारीख बघावी, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यावं. एक्स्चेंजला देत असाल तर नव्या मोबाईलवर सगळं उतरल्याची खात्री झाल्यावर जुन्यातून गुगल खातं काढावं आणि आपल्या हातानेच रिसेट मारून मग तो काउंटरवर ठेवावा.